हँडलबारच्या आतून वायरिंग न्यायचंय, भोकं कुठे पाडायची आणि केवढी?

धुळीचा_रस्ता

नमस्कार मंडळी. जुनी कार्ब्युरेटरवाली सिंगल सिलिंडर बाईक पूर्ण खोलून परत जोडतोय, चेसिस रंगवून झाली, इंजिन बसलं, आता हँडलचं काम हातात घेतलंय. स्पीडोमीटर छोटा लावलाय, हेडलाईटही छोटा आहे, त्यामुळे समोरून बघितलं की दोन्ही बाजूंनी लोंबणाऱ्या वायरी आणि त्यांच्यावरच्या त्या काळ्या पट्ट्याच आधी दिसतात. म्हणून ठरवलंय की स्विचच्या सगळ्या वायरी हँडलबारच्या आतून न्यायच्या आणि मधे क्लॅम्पजवळ बाहेर काढायच्या.

बार साधा स्टीलचा आहे, २२ मिमीचा, क्रोमवाला. डावीकडे हाय-लो, पास, इंडिकेटर, हॉर्न आणि क्लच स्विच, उजवीकडे स्टार्टर, किल स्विच (इंजिन बंद करणारा) आणि पुढच्या ब्रेकचा स्विच. ओळखीच्या एका मेकॅनिकला विचारलं तर तो म्हणाला बारला भोक पाडलं की बार कमजोर होतो, नाद सोड. दुसरीकडे कित्येक कस्टम गाड्यांवर हे काम केलेलं दिसतं आणि त्या रोज चालतात. मग खरं काय? भोक नेमकं कुठे पाडायचं, केवढं, आणि एवढ्या वायरी त्या नळीतून ओढायच्या कशा? शिवाय ॲल्युमिनियमचा जाड टेपर बार घ्यायचाही विचार चाललाय, त्यात हे जमेल का तेही सांगा.

कानस_आणि_पाना

भाऊ, तुमचा मेकॅनिक पूर्ण चुकीचा नाहीये. भोक पाडल्यावर बार कमजोर होतोच, प्रश्न एवढाच की कुठे कमजोर झालेला चालतो आणि कुठे अजिबात चालत नाही.

हँडलबारवर सगळ्यात जास्त ताण कुठे येतो ते आधी समजून घ्या. तुम्ही ग्रिपवर जोर देता आणि बार क्लॅम्पमधे घट्ट धरलेला असतो, म्हणजे वाकवणारा जोर ग्रिपपासून आत येत येत वाढत जातो आणि क्लॅम्पच्या बाहेरच्या कडेला सगळ्यात जास्त होतो. तिथे आणि तिच्या आसपास काहीही झालं तरी भोक पाडायचं नाही. बार जिथे वाकवलेला असतो तिथेही नको, त्या जागी नळीची भिंत बाहेरच्या अंगाला आधीच ताणून पातळ झालेली असते. राहिल्या दोन जागा. एक म्हणजे स्विचच्या खाली, ग्रिपच्या लगेच आत, तिथे ताण कमी असतो कारण हातापासून अंतरच थोडं आहे. आणि दुसरी दोन क्लॅम्पच्या मधोमध, तिथे वरचा क्लॅम्प आणि खालचा योक (पुढचे फोर्क धरणारी जाड पट्टी) मिळून बराचसा भार घेतात. मधल्या भोकाची कड क्लॅम्पच्या खाली जाता कामा नये, दोन्हीकडे सरळ नळी उरली पाहिजे.

आता दिशा. बरेच जण वायर सोयीची पडेल तिथे भोक पाडतात, पण भोक जमिनीकडे तोंड करून असावं. ब्रेक मारल्यावर अंगाचा भार हातांवर येतो आणि बार पुढे ढकलला जातो, तेव्हा ताण येतो तो नळीच्या पुढच्या आणि मागच्या अंगाला, खालचं अंग त्यातून जवळपास सुटतं. आणि वरून भार आला तर खालचं अंग दाबलं जातं, ताणलं जात नाही. तडा उघडतो तो ताणाने. शिवाय खालच्या भोकातून पाणीही निघून जातं.

आकार म्हणाल तर एक मोठं गोल भोक पाडण्यापेक्षा बारच्या लांबीच्या दिशेने लांबट खाच करा, दोन्ही टोकं गोल ठेवून. सपाट पत्र्यात गोल भोक असलं आणि तो पत्रा ओढला तर भोकाच्या कडेला ताण आजूबाजूच्या तिप्पट होतो, हे इंजिनिअरिंगला शिकवतात. तेच भोक ओढीच्या दिशेने लांबट केलं की तो आकडा खाली येतो. आडवी खाच केली तर मात्र उलटं होतं, म्हणून आडवी नकोच. तुमच्या बारला ८ मिमी रुंद आणि १४-१५ मिमी लांब पुरेल. शेजारी शेजारी दोन भोकं पाडायची आणि मधला भाग कानशीने काढायचा. चौकोनी कोपरा कुठेही ठेवू नका, तडा तिथूनच चालू होतो.

पाडताना आधी पंच मारा, नाहीतर ड्रिल क्रोमवरून सरकतं आणि पूर्ण बारवर ओरखडा जातो. आधी ३ मिमीचं बिट, मग हळूहळू मोठं, कमी स्पीड आणि सतत थेंब थेंब तेल. कानस बाहेरून आतच्या दिशेने चालवा, आतून बाहेर ओढली की क्रोमचे पापुद्रे निघतात. बाहेरची कड गुळगुळीत सगळेच करतात, आतली कोणी करत नाही, आणि वायर कापते ती आतलीच. बारीक गोल कानस तिरपी घालून किंवा वाकवलेल्या तारेला पॉलिश पेपर गुंडाळून आतली कड मारा. झाली का हे बघायला कापसाचा छोटा बोळा चिमट्यात धरून कडेवरून फिरवा, कुठेही कापसाचा तंतू अडकून राहिला म्हणजे तिथे अजून धार आहे. बोळा स्वच्छ सुटेपर्यंत काम चालू ठेवा. शेवटी नळीतला चुरा हवेने उडवा आणि कापड आरपार ओढून घ्या, लोखंडाचा एक बारीक कीसही आत राहिला तर तो पुढे वर्षभर वायरीवर घासत बसतो.

ॲल्युमिनियमबद्दल माझं मत सरळ आहे, नका पाडू. स्टील थोडं वाकून आधी इशारा देतं, ॲल्युमिनियम थकत थकत जातं आणि एका दिवशी तुटतं. टेपर बार मधे २८.६ मिमीचा असला तरी ग्रिपकडे २२ मिमीच होतो आणि भिंत जाड असल्यामुळे आतली जागा स्टीलच्या बारपेक्षा बरीच कमी. तसाच बार हवा असेल तर कंपनीनेच आतल्या वायरिंगसाठी खाचा पाडून दिलेला घ्या, बाकी बहुतेक कंपन्या ड्रिल केलेल्या बारची वॉरंटी मानत नाहीत.

सर्किटताई

वरचं सगळं बरोबर आहे, मी वायरीकडून सांगते, कारण भोक केवढं लागेल हे शेवटी वायरी किती आणि केवढ्या जाड त्यावरच ठरतं. लोक आधी भोक पाडतात आणि मग गठ्ठा त्यात कोंबतात, ते उलटं करा.

तुमच्या जुन्या गाडीत हेडलाईटचा पूर्ण करंट हँडलवरच्या स्विचमधून जात असणार. एच-४ बल्बची हायबीम ६० वॉटची, १२ व्होल्टला ५ अँपिअर. ०.५ स्क्वेअर मिमीची तांब्याची वायर मीटरला साधारण ०.०३५ ओहम घेते, जाऊन येऊन दोन मीटर धरली तर ०.३५ व्होल्ट नुसता वायरीतच जातो, जुन्या स्विचच्या पॉइंटमधला वेगळा. म्हणून लोक जाड वायर घेतात आणि मग ती नळीत मावत नाही. त्यापेक्षा हेडलाईटच्या खोक्यात दोन रिले (बारीक करंटने मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच) बसवा, एक हाय एक लो, बॅटरीवरून फ्यूज लावून वेगळी लाईन द्या. मग हँडलवरून फक्त रिलेच्या कॉईलचा करंट जाईल, तो ०.२ अँपिअरच्या आतबाहेर. हॉर्नलाही तसंच करा. हे केलंत की हँडलमधली प्रत्येक वायर बारीक चालते आणि उजेडही वाढतो, तो वरचा फायदा.

दुसरं म्हणजे स्विचिंग अर्थकडून, म्हणजे बॅटरीच्या मायनसकडून करा. आत्ता प्रत्येक स्विचला प्लस येतो आणि पुढे वेगवेगळा जातो. त्याऐवजी रिलेच्या कॉईलला प्लस कायम द्या आणि स्विचने कॉईलची दुसरी बाजू अर्थ करा, म्हणजे स्विचच्या एका पेटीला एकच कॉमन अर्थ आणि प्रत्येक बटणाला एक वायर. याचा मोठा फायदा असा की आतमधे कुठे वायर सोलली जाऊन बारला टेकली तर फ्यूज उडत नाही, फारतर हॉर्न वाजत राहील किंवा हायबीम लागून राहील, रस्त्यावर अंधार होणार नाही. मोटोगॅजेटच्या एम-युनिटसारखी डिजिटल कंट्रोल पेटी लावली तर तिचे इनपुट असेच अर्थ देऊन चालतात आणि फ्लॅशर वगैरे सगळं आतच असतं, पण तुमच्या गाडीला साधे रिले पुरेत असं माझं मत. कॉमन अर्थासाठी बारवर अवलंबून राहू नका, रायझर (बारचा क्लॅम्प ज्यावर बसतो तो खांब) रबरवर बसवलेला असेल तर बार चेसिसला नीट टेकतच नाही, अर्थची वायर वेगळी ओढा.

किल स्विचचं नीट बघा. जुन्या मॅग्नेटो किंवा सीडीआयवाल्या (या ठिणगी पाडायच्या पद्धती) बऱ्याच गाड्यांत किल स्विच इग्निशनला अर्थ करून इंजिन बंद करतो. तुमची तशी असेल तर ती एक वायर नळीत घासून उघडी पडली की चालत्या गाडीत इंजिन बंद पडणार, तेही ओव्हरटेक करताना पडू शकतं. त्या वायरीला वेगळी स्लीव्ह घालाच.

वायर घेताना गाडीसाठीची पातळ इन्सुलेशनवाली बारीक मल्टीकोअर घ्या, घरच्या फिटिंगची नको, तिचं कव्हर जाड असतं आणि तेल-उन्हात कडक होतं. ०.५ स्क्वेअरची गाडीची वायर बाहेरून साधारण दीड मिमी भरते. गठ्ठा किती जाड होईल याचा माझा हिशेब असा, वायरींच्या संख्येचं वर्गमूळ गुणिले एका वायरीची जाडी गुणिले १.२. म्हणजे नऊ वायरी असतील तर ३ गुणिले १.५ गुणिले १.२, जवळपास साडेपाच मिमी. ८ मिमीच्या खाचेतून स्लीव्हसकट आरामात जातं. बारच्या भिंती दोन-दोन मिमीच्या धरल्या तर आत १८ मिमीची जागा उरते, एका बाजूच्या गठ्ठ्याला ती भरपूर झाली.

धुळीचा_रस्ता

ताई, दादा, खूप आभार, एवढं सविस्तर कुठेच मिळालं नव्हतं. किल स्विच चेक केला, माझ्यातही अर्थ करूनच इंजिन बंद होतं. रिलेचं पटलं, तसंच करतो. ॲल्युमिनियमचा विचार सोडला.

आता ओढायचं सांगा कोणीतरी. सहज म्हणून एक जाड तार घालून बघितली तर ती पहिल्या वळणावरच अडकते आणि खालच्या भोकातून बाहेर यायचं नावच घेत नाही. आणि उजवीकडे थ्रॉटलची नळी फिरते तिथे भोक नेमकं कुठे येणार? मला तर स्विच आणि थ्रॉटल एकाच पेटीत आहेत.

रात्रपाळी

उजवीकडचं आधी. थ्रॉटलच्या नळीला आतल्या टोकाला चकतीसारखी कड असते, ती पेटीच्या आत फिरते. भोक त्या चकतीच्या आतल्या बाजूला, म्हणजे स्पीडोमीटरकडे, पण पेटीच्या झाकणाखालीच यायला हवं, म्हणजे बाहेरून काहीच दिसत नाही आणि वायर पेटीतून थेट बारमधे उतरते. पेटी बसवा, थ्रॉटल पूर्ण फिरवून चकती कुठपर्यंत येते ते मार्करने बारवर काढा, केबलची वाट आणि पेटीच्या स्क्रूची जागाही खूण करा, उरलेल्या जागेत भोक. जागा चिंचोळी निघाली तर पेटीच्या लगेच आत, बारच्या खालच्या अंगाला पाडा, थोडी वायर दिसेल पण फिरत्या भागाला लागणार नाही. पेटीला एक बारीक पिन असते जी बारमधल्या छोट्या भोकात बसते, ती पिन नव्या खाचेत घुसून पेटी फिरायला लागणार नाही एवढं बघा. पेटीतून आधी वायर जिथून बाहेर यायची ते जुनं तोंड रबराने बंद करा, नाहीतर पाणी तिथून शिरतं.

आता ओढणं. तार ढकलू नका, दोरा ओढा. बारीक नायलॉनचा दोरा घ्या, टोकाला स्पंजचा हरभऱ्याएवढा तुकडा बांधा, स्विचकडच्या भोकात घाला, बारची दोन्ही टोकं आणि पलीकडचं भोक टेपने बंद करा, आणि मधल्या खाचेला व्हॅक्यूम क्लीनरचं तोंड लावा. स्पंज झटक्यात बाहेर येतो. व्हॅक्यूम नसेल तर बार उभा धरून दोऱ्याला छोटा नट बांधून सोडा, वळणावर हलके टिचकी मारत राहा. मग पायजम्यात नाडी ओवतात तसंच आहे सगळं, टोक बारीक आणि गुळगुळीत असेल तर जातं, गाठ जाड झाली की अडलं. दोन्ही बाजूंचे दोरे आधी मधे आणून ठेवा, मगच पहिला गठ्ठा ओढा, कारण एक गठ्ठा मधल्या खाचेत आला की दुसरा दोरा शोधायला फार त्रास होतो.

कनेक्टर लावलेला असताना ओढता येणार नाही, पिना सोडवून किंवा वायर कापूनच न्यावं लागतं. सोडवण्याआधी कोणता रंग कुठल्या घरात आहे त्याचा फोटो काढा आणि कागदावरही लिहा, फोटोत तपकिरी आणि काळा सारखेच दिसतात. वायरींची टोकं एका रेषेत बांधू नका, एक पुढे, दुसरी दोन बोटं मागे, तिसरी अजून मागे, अशी पायऱ्यांनी बांधून वर टेपचा एकच घट्ट थर द्या. गठ्ठ्याला टाल्कम पावडर चोळा. ग्रीस किंवा तेल लावू नका, त्याला चुरा चिकटतो आणि काही इन्सुलेशन फुगतात. एकजण स्विचकडून भरवणारा आणि एकजण मधून ओढणारा असे दोघं असाल तर उत्तम. अडलं तर ओढायचं नाही, थोडं मागे घ्या, पीळ काढा, परत पुढे. ओढताना स्विच पेटीची जागा आणि बारचा कोन आधी ठरलेला असू द्या, नाहीतर नंतर फिरवलं की आत वायर पिळते. पिना नंतर क्रिंप करा (पक्कडीने दाबून बसवा), सोल्डर नको, थरथरीने सोल्डर जिथे संपतो तिथेच वायर तुटते.

एक अनुभव सांगतो. मित्राच्या गाडीचा इंडिकेटरचा फ्यूज उडायचा, पण फक्त डावीकडे तीव्र वळण घेताना. सरळ रस्त्यावर महिनोन्महिने काही नाही. काम कुठल्यातरी वर्कशॉपमधून करून आणलेलं होतं. मधल्या खाचेतून गठ्ठा बाहेर ओढला तर एका हिरव्या वायरीवर नखाएवढ्या जागेत कव्हर सपाट तासलं गेलेलं आणि आतलं तांबं चमकत होतं, आणि खाचेची आतली कड बोटाला लागेल एवढी धारदार. वायर बाहेर येताना ढिली ठेवलेली नव्हती, म्हणून हँडल वळलं की ती बरोबर त्या कडेवर दाबली जायची. त्यामुळे मधून बाहेर आल्यावर वायरीला एक मोठा सैल वळसा द्या, हँडल एका लॉकपासून दुसऱ्या लॉकपर्यंत (वळायच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत) फिरवून बघा, कुठेही ताणलं जायला नको आणि योकच्या मधेही चिमटायला नको.

धुळीचा_रस्ता

वा, व्हॅक्यूमची युक्ती भारी आहे, उद्याच करतो. खाचेला रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी चकती) लावायचं का? आणि एक शेवटचं, जमलंच तर क्लचची आणि थ्रॉटलची केबलही आत घ्यायची का, काही फोटोंत लिव्हरला केबलच दिसत नाही.

कानस_आणि_पाना

ग्रोमेट बसत असेल तर लावाच, पण २२ मिमीच्या बारला भिंत गोल असते आणि खाच लहान, त्यात ग्रोमेट नीट बसत नाही आणि दीड-दोन मिमी दोन्हीकडून जागा खातो. त्यासाठी खाच मोठी करत बसू नका. कड नीट गोल करा आणि खाचेतून जाणाऱ्या तेवढ्याच वायरीवर विणलेली स्लीव्ह घाला, आत चार बोटं आणि बाहेर चार बोटं. पूर्ण गठ्ठ्यावर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवू नका, तो काठीसारखा कडक होतो आणि वळणातून जातच नाही.

केबल मात्र बाहेरच ठेवा. १९२०-३० च्या सुमारास बऱ्याच गाड्यांना उलटे लिव्हर असायचे, बारच्या टोकाला बसवलेले, आणि त्यांच्या केबल बारच्या आतून जायच्या, तुम्ही बघितलेले फोटो बहुधा तसल्या लिव्हरचे असतील. केबल बारच्या आतून नेणारे थ्रॉटलही मिळतात. पण केबलला तीव्र वळण मिळालं की ती जड होते, आणि थ्रॉटल सोडल्यावर तो आपोआप मागे यायलाच हवा, त्यात तडजोड नाही. आणि ज्या नळीत केबल सरकते त्याच नळीत तुमच्या किल स्विचची वायर ठेवणं तर मला अजिबात पटत नाही. हार्लेने २००८ पासून टूरिंग गाड्यांना इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल दिला तेव्हा केबलच गेली आणि ग्रिपमधल्या सेन्सरची वायर बारच्या आतून आली, तिथे प्रश्नच मिटला. पण तुमच्या कार्ब्युरेटरला केबल लागणारच.

सर्किटताई

कनेक्टर हेडलाईटच्या खोक्यात ठेवा, म्हणजे कधी बार काढावा लागला तर कनेक्टर सोडून वायरीसकट बार उचलता येईल. आणि दोन्ही बाजूंना एक एक जादा वायर आणि एक दोरा आतच सोडून द्या, ग्रिप हीटर किंवा बार-एंड इंडिकेटर पुढे हवासा वाटला तर परत सगळं ओढायला नको. हीटरसाठी मात्र ती बारीक वायर वापरू नका, एका ग्रिपला दीड अँपिअरच्या आसपास लागतं, त्याची वेगळी जाड वायर त्या दोऱ्याने ओढा. पुढच्या ब्रेकच्या स्विचच्या दोन वायरी उजव्या पेटीतूनच आत घ्या, त्यांच्यासाठी वेगळं भोक पाडू नका.

पिना लावण्याआधी मल्टीमीटर घ्या, बीपवर ठेवा, एक टोक बारच्या उघड्या लोखंडाला आणि दुसरं प्रत्येक वायरीला आळीपाळीने. एकही बीप यायला नको. तेच करताना दुसऱ्या कोणालातरी हँडल दोन्ही लॉकपर्यंत फिरवायला आणि बाहेर आलेला गठ्ठा हाताने हलवायला सांगा, कारण तासलेली वायर स्थिर असताना बऱ्याचदा गप्प असते. मग वायरी एकमेकींशी तपासा. गाडी जोडल्यावर रात्री किंवा अंधाऱ्या शेडमधे इंजिन चालू ठेवून परत लॉक टू लॉक फिरवा, लाईट थोडाही लुकलुकला किंवा इंजिन एकदाही अडखळलं तर गाडी बाहेर काढू नका, मधला गठ्ठा आधी परत बाहेर ओढून बघा. ब्रेक लाईट पुढच्या लिव्हरने लागतो का हेही तेव्हाच बघून घ्या, वायरिंग बदलल्यावर तो मागे राहून जातो आणि चालवणाऱ्याला स्वतःला तो दिसत नाही.